आजोबांची आवड

पयोमच्या नाटकाला प्रेक्षक नव्हते, आणि याचा तिला अभिमान होता. माणसांसाठी नाचणारे थायलंडमधल्या या पेचबुरी गावात पुष्कळ होते. ती आजोबांसाठी नाचायची. आजोबा म्हणजे बाजारामागच्या जांभळीखालच्या देवळीतले, लाल अंगरखा आणि पांढऱ्या मिशांचे, हातभर उंचीचे. जिवंतपणी ते सरदार होते की तस्कर, यावर गावात दोन मतं होती. नवसाला पावतात यावर मात्र एकच होतं. नवस फेडायला कोणी डुकराचं मुंडकं आणायचं, कोणी उकडलेली अंडी, कोणी लाल सोड्याच्या बाटल्या. ज्याचं काम मोठं झालेलं असायचं तो पयोमच्या मंडळीचं नाटक लावायचा. मूर्तीसमोर चटई पडायची, ढोल वाजायचा आणि मुकुट घातलेल्या तीन-चार बाया मूर्तीकडे तोंड करून राजाराणीची गोष्ट गाऊन-नाचून दाखवायच्या. नवस करणारा उदबत्ती लावून आपल्या दुकानावर परत जायचा. बघायला उरायचे आजोबा आणि एखादं कुत्रं.

बघणारा एकच आणि तोही लाकडाचा म्हटल्यावर काय होतं, ते नाटकवाल्यांना सांगायला नको. पूर्वी राणीला वनवासाला जायला अर्धी दुपार लागायची. आता ती चटईच्या या टोकावरून त्या टोकाला गेली की वनवास संपायचा. ढोलवाला एका हाताने ढोल आणि दुसऱ्या हाताने मोबाइल सांभाळायचा. राजकन्येचं काम करणारी पन्नाशीची बाई अर्धं रडून आत जायची, वाटीभर शेवया खाऊन यायची आणि उरलेलं रडायची. पयोम स्वतः राणी व्हायची. तिचा हात अजूनही असा वळायचा की बघणाऱ्याने बघत राहावं. पण बघतो कोण?

"लोकांना काय कळतंय?" ती म्हणायची. "आजोबांना कळतं."

तिच्या दारावर एक पितळी पाटी होती: 'शुद्ध परंपरेची जतनकर्ती'. ती गावातल्या अभिरुची मंडळाने दिलेली. लहानपणी ज्यांना हे नाटक बघायला घरून सक्त बंदी होती, अशी सगळी चांगल्या घरची माणसं मोठेपणी ते जपायला या मंडळात एकत्र आली होती. अध्यक्ष होत्या निवृत्त मुख्याध्यापिका विलायवन. पाटी देताना त्यांनी एकच अट घातली होती. नाटकातली राक्षसीण काढायची.

गोष्टीतल्या राजाला दोन बायका, एक राणी आणि एक राक्षसीण. दोघी सवती समोरासमोर आल्या की भांडण व्हायचं, आणि ते कुठे लिहिलेलं नसायचं. समोरची काय म्हणते ते ऐकायचं आणि ढोलाच्या ठेक्यावर जागच्या जागी उलट उत्तर जुळवायचं. त्यात कमरेखालचं सगळं यायचं, गावातली लफडी यायची, भिक्षूंची पोटं यायची. बाजारातली माणसं हातातली तागडी टाकून ते ऐकायला धावायची. राक्षसीण व्हायची रुंग. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून पयोमकडे शिकलेली, जिभेला हाड नसलेली पोरगी. पाटी घरी आली आणि राक्षसीण गेली.

"बाई, तुम्ही राक्षशिणीला शाळेत घातलंत," एवढंच म्हणून रुंग निघून गेली. पुढे तिने आपली स्वतःची टोळी काढली. तोकड्या चड्ड्या, गुडघ्यापर्यंत बूट, टेम्पोवर रंगीत दिवे आणि कानठळ्या बसवणारं गाणं. याला कोयोटी नाच म्हणतात, आणि नवस फेडायला तोही चालतो असं लोकांनी हळूहळू ठरवून टाकलं होतं. पयोम त्या टेम्पोच्या रस्त्याने जायची नाही.

मिठाईवाल्या हुआयताईंचा मुलगा सक्तीच्या लष्करभरतीच्या सोडतीला उभा राहिला तेव्हा हे सगळं पेटलं. सोडतीत लाल चिठ्ठी म्हणजे लष्कर, काळी म्हणजे घर. पोराला काळी चिठ्ठी आली. तो तिथेच आडवा झाला, आणि हुआयताई धापा टाकत पयोमकडे आल्या.

"बाई, नवस फेडायचाय. पण घोटाळा झालाय."

"नक्की काय बोलला होतात? शब्द सांगा," पयोम म्हणाली. नवसात शब्द चुकला की सगळंच चुकतं.

"म्हटलं, आजोबा, पोराला काळी चिठ्ठी येऊ द्या, तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतो तो खेळ लावीन."

"मग लावा की. गुरुवारी मोकळीच आहे मी."

"ते झालं हो. पण त्यांना आवडतो कोणता?"

पयोमला कोणीतरी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं झालं. "म्हणजे? चाळीस वर्षं मी नाचतेय त्यांच्यासमोर!"

"तुम्ही नाचताय. त्यांना आवडतं का, हे कधी विचारलंय कोणी? माझ्या घरी मेहुणा पंधरा वर्षं कारल्याचं सूप पितोय. परवा कळलं, त्याला आवडत नाही."

"मी कारल्याचं सूप आहे?"

"तसं नाही हो म्हणत. पण चुकीचा खेळ लावला आणि पोरगं मोटारसायकलवरून पडलं, तर मी कोणाला धरू?"

बातमी लगेच रुंगपर्यंत पोचली. दुपारी पयोमबरोबर देवळीपाशी आलेल्या हुआयताईंना गाठून ती सरळ म्हणाली, "ताई, आजोबा पुरुष आहेत. मिशा बघा त्यांच्या. चाळीस वर्षं बिचारे पन्नाशीच्या राजकन्या बघतायत. थोडी दया करा."

"तोंड सांभाळ," पयोम म्हणाली. कित्येक वर्षांत ती रुंगशी बोललेला हा पहिला शब्द.

"सांभाळायला तुमच्यासारखं कुलूप नाही ना माझ्याकडे, बाई."

देवळीचे राखणदार पुआंगकाका उदबत्तीची राख गोळा करत होते. ते मान वर न करता म्हणाले, "ज्याला विचारायचं तो इथे बसलाय, आणि तुम्ही एकमेकींना विचारताय."

त्यांनी कौल लावायचे लाकडी तुकडे पुढे ठेवले. तळहातावर मावणारे दोन, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. खाली टाकल्यावर एक उताणा एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार. दोन्ही उताणे पडले तर आजोबा हसले असं समजायचं आणि पुन्हा विचारायचं.

हुआयताईंनी हात जोडून विचारलं, "आजोबा, पयोमबाईंचं नाटक आवडेल?" तुकडे टाकले. दोन्ही उताणे.

"हसले," पुआंगकाका म्हणाले.

पुन्हा विचारलं. पुन्हा हसले. तिसऱ्यांदा दोन्ही तुकडे पालथे पडले. रुंग खुदकन हसली. मग तिच्या नाचाचं विचारलं, तर आजोबा एकदा हसले आणि नंतर साफ नाही म्हणाले. आता हसायची पाळी पयोमची होती, पण तिला हसू आलं नाही. पडद्यावरचा सिनेमा? नाही. चिनी सिंहनाच? नाही. हुआयताई रडकुंडीला आल्या.

"चव घेतल्याशिवाय कसं सांगतील?" पुआंगकाका म्हणाले. "तू नाही का दुकानात बशीत वडीचे तुकडे ठेवतेस? गिऱ्हाईक खाऊन बघतं, मग घेतं. या दोघींना थोडं थोडं करून दाखवू दे. मग पुन्हा कौल लाव."

ठरलं. गुरुवारी दुपारी चव, आणि जो आवडेल तो खेळ पुढच्या गुरुवारी नवसाचा.

घरी जाताना पयोम मनात हिशेब करत होती. रुंग जिंकली तर नवसाची गिऱ्हाइकं तिच्याकडे जातील आणि चटई गुंडाळावी लागेल, हे तर होतंच. पण तिला खाऊन टाकत होतं ते वेगळंच. आजोबा नाही म्हणाले तर? माणसांनी पाठ फिरवली तेव्हा तिने आजोबांकडे बोट दाखवलं होतं. आता आजोबांनीच पाठ फिरवली तर बोट कुणाकडे दाखवायचं? चाळीस वर्षं आपण एका सभ्य म्हाताऱ्याला झोपवत होतो की काय, या विचाराने तिला रडू आलं.

गुरुवारी देवळीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी नाटकाला न फिरकणारं गाव भांडणाच्या वासाने बरोबर आलं. पहिल्या रांगेत विलायवनबाई पांढऱ्या रेशमी पोशाखात बसल्या होत्या, शेजारी त्यांचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले साहेब.

"आमचा तुम्हाला पूर्ण पाठिंबा आहे," विलायवनबाई पयोमला म्हणाल्या. "गावाच्या अभिरुचीचा प्रश्न आहे. अगदी शुद्ध ठेवा हं."

पयोमने शुद्धच ठेवलं. वनवास पुरा केला. ढोलवाल्याचा मोबाइल काढून घेतला, राजकन्येच्या शेवया बंद केल्या. राणीचा विलाप तिने आईकडून शिकलेल्या चालीत एक ओळ न गाळता गायला. हात वळले ते असे की विलायवनबाईंनी डोळे मिटून घेतले. मंडळातल्या बाकीच्यांनीही मिटले, आणि त्यातले दोघे घोरू लागले. मागच्या लोकांनी आधी चुळबुळ केली, मग आपापले मोबाइल काढले.

हुआयताईंनी तुकडे टाकले. दोन्ही पालथे. नाही.

पयोम चटईच्या कडेला बसली. तिला कोणाकडे बघवेना.

मग टेम्पोचे दिवे लागले आणि रुंग आणि तिच्या तीन पोरी नाचल्या. लोक जागे झाले, शिट्ट्या आल्या. बँकेचे साहेब पत्नीच्या नजरेआड, मांडीखाली, हळूच टाळ्या वाजवत होते, ते खाली बसलेल्या पयोमला दिसलं. गाणं थांबलं. हुआयताईंनी तुकडे टाकले. दोन्ही पालथे.

"हे बरोबर नाही!" रुंग ओरडली. "आजोबांना दिसतं का नीट? मूर्ती जरा पुढे आणा!"

"दिसतं त्यांना," पयोम बसल्या जागेवरून म्हणाली. "म्हणून तर नाही म्हणाले."

"तुम्हालाही नाहीच म्हणाले."

"मला आदराने म्हणाले. तुला हाकललं."

"आदराने? अहो, झोपेत म्हणाले!"

लोक हसले. पयोमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ताडकन उठली, मुकुट सरळ केला, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत जुन्या ठेक्यात बोलून बसली.

"आली आली बया, बूट हिचा गुडघ्यापाशी,
चड्डी कुठं विसरली गं, कोणाच्या ती खाटेपाशी?"

ढोलवाला जुना होता. राणीचं वाक्य संपलं की थाप मारायची, हे त्याच्या हातात होतं, डोक्याला विचारावं लागत नव्हतं. त्याने थाप मारली.  रुंगने बूट आपटला.

"चड्डी माझी आखूड बाई, नाच तरी पुरता,
तुमची वस्त्रं पायघोळ नि आत मुडदा नुसता!"

मागची माणसं पुढे सरकली. पयोम आता थांबणार नव्हती.

"मुडदा मला म्हणते, हिला पाय कोणी दिले?
उभं राहता येईना, मी हात धरून शिकविले!"

"शिव्या शिकवल्या तुम्हीच, केल्या मी तोंडपाठ,
पाटी मिळाली पितळेची नि जीभ पडली ताठ!"

"पयोम, पुरे!" विलायवनबाई उभ्या राहिल्या. "हा कसला प्रकार? पाटीचा तरी विचार करा!"

पयोमने त्यांच्याकडे पाहिलं. पाटी तिला फार प्रिय होती. सणाच्या आदल्या दिवशी ती स्वतः चिंचेने घासायची. एका बाजूला ती पाटी होती, दुसऱ्या बाजूला जिभेच्या टोकावर येऊन बसलेलं कडवं होतं, आणि ते कडवं इतकं चांगलं होतं की गिळणं पाप झालं असतं.

"मॅडमपाशी साहेब बसले, मान घालून खाली,
रुंगे, तुझ्या नाचाला गं टाळी कोणी दिली?
मांडीखाली हात हलतो, मॅडम म्हणती 'हं?'
साहेब म्हणती, 'डास मारतो, तू झोप, मी आहे ना गं!'"

गाव हसत सुटलं. शेवयांच्या गाडीवरची बाई हातातला झारा घेऊन हसत खाली बसली. साहेबांनी दोन्ही हात वर घेतले, आणि ते बघून लोक आणखी हसले. रुंग हसता हसता टेम्पोला टेकली. हुआयताई मात्र व्यवहारी बाई. त्या गर्दीत गुडघ्यावर बसल्या आणि तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा. पुन्हा टाकले. एक उताणा, एक पालथा. तिसऱ्यांदाही तेच.

"हे!" हुआयताई किंचाळल्या. "आजोबांना हे हवंय!"

विलायवनबाईंनी जाताना पाटी परत मागितली. "काढून न्या," पयोम म्हणाली, "मात्र खिळे गंजलेत, येताना पक्कड आणा." साहेब पत्नीच्या मागून चालत होते, पण वळून वळून बघत होते.

सगळे पांगल्यावर हुआयताई दोघींपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "आज नुसती चव झाली. नवस पुढच्या गुरुवारी. हेच करायचं, असंच."

"असंच कसं करणार?" पयोम म्हणाली. "ते नाटक नव्हतं. मला खरंच राग आला होता."

"मलाही," रुंग म्हणाली.

"मग पुन्हा आणा. माझ्या पोराचा प्रश्न आहे."

"राग काय दुकानातून आणायचा?"

"ते तुम्ही बघा. कलाकार तुम्ही आहात," हुआयताई म्हणाल्या आणि वड्या जळतील म्हणून निघून गेल्या.

आठवडाभर पयोम घरी कडवी जुळवत बसली. चड्डीवर चार, बुटांवर तीन, टेम्पोवर दोन. सगळी आदल्या दिवशीच्या भातासारखी. गुरुवारी चटईवर पाय ठेवला तेव्हा ती जुळवलेलं सगळं विसरून गेली होती. गावच नव्हे, शेजारच्या दोन गावांतली माणसं आली होती. जांभळीवर पोरं चढली होती.  समोर रुंग राक्षशिणीचे जुने सुळे लावून उभी होती, ते तिने इतकी वर्षं जपून ठेवले होते. ती आता काय बोलेल ते पयोमला ठाऊक नव्हतं, आपण काय बोलू तेही ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

रुंगने पहिलं कडवं टाकलं आणि भांडण लागलं. पयोमच्या वयावर आलं, रुंगच्या तीन नवऱ्यांवर गेलं, मंडळाच्या घोरणाऱ्या सभासदांवरून फिरून पुआंगकाकांच्या धोतरापर्यंत पोचलं. लोकांनी पोटं धरली होती. हुआयताई कौलाचे तुकडे हातात घेऊन बसल्या होत्या, पण टाकायचं भान त्यांना राहिलं नव्हतं. पयोमने एक असं काही उत्तर दिलं की रुंगला आता माघार घ्यावीच लागणार, असं सगळ्यांना वाटलं.

रुंग थांबली. तिने सुळे काढून हातात घेतले. ठेका सोडून साध्या आवाजात ती म्हणाली, "बाई, एक विचारू? मी गेल्यावर कधी माझी आठवण आली का हो?"

ढोलवाल्याने थापेसाठी उचललेला हात तसाच वर राहिला. असं उत्तर आजवर कोणत्या राक्षशिणीने दिलं नव्हतं, त्याला काय वाजवायचं ते त्याला माहीत नव्हतं. पयोमने यमक शोधलं, सापडलं नाही. तिने मुकुट सरळ केला, मान ताठ केली, रुंगकडे बघायचं टाळून आजोबांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

आणि अख्खा रस्ता हसला, डोळे पुसत पुसत हसला, कारण चाळीस वर्षांत इतका वाईट अभिनय तिने कधी केला नव्हता.